चिपाडाचा उजेड

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे वडील जहाजावर होते. आमच्या दापोली तालुक्यात खाडीकाठच्या मोहल्ल्यांत हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरटी एक माणूस दर्यावर असायचा. अब्बा इंजिन खात्यात होते. यंत्राला तेल द्यायचं, काटे बघायचे आणि घाम पुसायचा, असं ते आपल्या नोकरीचं वर्णन करत. नऊ-दहा महिन्यांनी घरी आले की आम्ही भावंडं त्यांच्याकडून बंदरांची नावं ऐकायचो. त्यातलं एक नाव मला फार आवडायचं, मोरिस. मॉरिशसला अब्बा असंच म्हणत.

"तिथं काय आहे?" असं विचारलं की ते सांगायचे, "डोंगर आणि ऊस. बाकी सगळं जहाजातून उतरतं."

पुढं कितीतरी वर्षं हे वाक्य मी विसरून गेलो होतो. ते आठवलं २०२३ च्या सप्टेंबरात. गणेशोत्सवाच्या दिवसांत तिथल्या मराठी मंडळींनी कविता वाचायला बोलावलं, म्हणून मी त्या बेटावर गेलो. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते आणि ईदलाही असते. गणपतीपुढं कविता वाचली आणि शुक्रवारी पोर्ट लुईच्या जुम्मा मशिदीत नमाज पढलो. मशिदीच्या अंगणात बदामाचं एक जुनं झाड आहे. अब्बांनी त्या झाडाचं नाव घेतलेलं मला आठवत होतं, म्हणून थोडा वेळ त्याच्या सावलीत उभा राहिलो. असो.

आज मला बोलायचंय ते तिथल्या विजेबद्दल. कवीनं विजेवर बोलावं का, असं कुणी विचारील. मी साधा बी. ए. झालेला माणूस, इंजिनिअर नव्हे. पण विजेचं बिल मलाही येतं, आणि जगाचं तापमान वाढलं की माझ्याही गावात खाडी चढते. मॉरिशससारख्या चिमुकल्या बेटावर ही गोष्ट जितकी स्वच्छ दिसते, तितकी आपल्या अवाढव्य देशात दिसत नाही. म्हणून हा विषय निवडला.

माझे यजमान निवृत्त शिक्षक. मी त्यांना गुरुजी म्हणायचो, ते मला भाऊ म्हणायचे. त्यांच्या खापरपणजोबांनी रत्नागिरीकडचं गाव सोडलं आणि गिरमिटावर ऊस तोडायला ते या बेटावर आले. १८३४ नंतर हिंदुस्थानातून असे लाखो मजूर तिथं गेले. आता गुरुजींच्या घरात बोलणं क्रिओलमध्ये, आरती मराठीत, वर्तमानपत्र फ्रेंच आणि सरकारी कागद इंग्रजीत. पश्चिम किनाऱ्याकडच्या गावात घर, आणि घरामागे दोन आर्पां ऊस. आर्पां हे तिथलं जुनं फ्रेंच माप, आपल्या एकराहून किंचित मोठं.

पहिल्या संध्याकाळी ओटीवरचा दिवा लावताना गुरुजी म्हणाले, "भाऊ, हा दिवा पेटला ना, यात निम्मं तेल आहे, पाव भागाहून जास्त कोळसा, आणि थोडासा आमचा ऊस."

मला वाटलं, मास्तर कविता करताहेत. नंतर कळलं की ते निव्वळ हिशेब सांगत होते.

तो हिशेब आता तुम्हाला सांगतो. मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहूनही लहान. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. जमिनीत तेल नाही, कोळसा नाही, वायू नाही. नद्या आहेत, पण डोंगरावरून उतरल्या की तासाभरात समुद्राला मिळतील इतक्या आखूड. त्यांच्यावरच्या जलविद्युत केंद्रांतून चार-पाच टक्क्यांपर्यंत वीज मिळते, पाऊस कमी झाला की तीही घटते. देशाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी पंचाऐंशी ते नव्वद टक्के ऊर्जा बाहेरून येते. पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि वीजकेंद्रांत जाळायचं जाड, काळं फर्नेस ऑइल. कोळसा मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून. तेलाची गंमत अशी की २००७ पासून बरीच वर्षं ते आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून जायचं. कोकण किनाऱ्याच्या खालच्या टोकाशी भरलेलं जहाज समुद्र ओलांडून पोर्ट लुईला रिकामं होई, आणि तिथल्या सरकारची व्यापारी संस्था ते तेल देशभर वाटे.

२०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानं तेल आणि कोळसा दोन्ही भडकले. त्या वर्षी मॉरिशसच्या आयातीवरच्या एकूण खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या इंधनावर गेला. ज्या घरात दर शंभरातले वीस रुपये रॉकेलला जातात, त्या घरानं मुलांना दूध कुठून द्यायचं? जुन्या काळी आमच्या आईची हीच विवंचना असे, म्हणून हे उदाहरण सुचलं. मॉरिशस काही गरीब देश नाही. तिथं माणशी विजेचा वापर आपल्या देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि सहा लाखांहून अधिक वाहनं रस्त्यावर आहेत, म्हणजे दर दोन माणसांमागं एक. पण इंधनाचा भाव ठरतो दुसरीकडे आणि तो भरायचा डॉलरमध्ये.

आता उसाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

मी बी. ए.साठी कराडला राहिलो. खोलीवरच्या मित्राच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. समुद्रावरच्या पोराला ते सगळं नवल होतं. चरकातून रस निघायचा, उरलेलं चिपाड अंगणात वाळत पडायचं, आणि तेच चिपाड चुलाणात सारून त्यावरच्या काहिलीत रस उकळायचा. उसाचाच रस उसाच्याच जाळावर शिजतो, बाहेरचं लाकूड आणावं लागत नाही, याचं मला फार कौतुक वाटलं होतं. साखर कारखान्यात याच चिपाडाला बगॅस म्हणतात. एक टन ऊस गाळला की साधारण तीनशे किलो ओला बगॅस उरतो. पूर्वी कारखान्यांना त्याची अडचणच होती. साठवायला जागा नाही, म्हणून तो जुन्या बॉयलरमध्ये कसाबसा जाळून टाकायचा. बॉयलर जास्त दाबाचा बसवला तर त्याच बगॅसमधून कारखाना चालवूनही भरपूर वीज उरते, आणि ती विकता येते. आपल्याकडच्या कारखान्यांनी सहवीजनिर्मिती पुढं केली. मॉरिशसनं ती फार आधी, १९८० च्या दशकात मनावर घेतली आणि १९९१ मध्ये त्यासाठी सरकारी कार्यक्रम आखला. बेल व्ह्यूच्या कारखान्याजवळ २००० साली उभं राहिलेलं वीजकेंद्र जगभरचे साखरतज्ज्ञ पाहायला जात. टनामागं शंभरावर युनिट वीज ग्रिडला देणारी ही केंद्रं, आणि ती त्या एवढ्याशा देशात!

पण यात एक मेख आहे. ऊस गाळला जातो जूनपासून डिसेंबरपर्यंत. उरलेले सहा महिने बॉयलरनं काय खायचं? एवढं महागडं यंत्र अर्धं वर्ष थंड ठेवणं परवडत नाही. म्हणून हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये कोळसा जाळायचा. तिथलं हिरवं वीजकेंद्र आणि काळं वीजकेंद्र अशी दोन वेगळी नाहीतच. धुराडं एकच आहे, महिना कोणता त्यावर धुराची जात ठरते. लोक जेव्हा म्हणतात, कोळसा बंद करा, तेव्हा ते नकळत उसाच्याच चुलाणाबद्दल बोलत असतात. मला हे समजायला गुरुजींबरोबरच्या तीन संध्याकाळी लागल्या.

आणि मग ऊसच कमी होऊ लागला.

हे का झालं? मॉरिशसची साखर १९७५ पासून युरोपला ठरलेल्या भावानं जात असे. वर्षाला सुमारे पाच लाख टनांचा कोटा, आणि भाव जागतिक बाजारापेक्षा बराच चढा. त्या भावावर बेटानं शाळा काढल्या, दवाखाने बांधले. युरोपनं २००६ पासून आपलं साखरेचं धोरण बदललं, चार वर्षांत भाव ३६ टक्के खाली आणला आणि २००९ मध्ये तो जुना करारच संपवला. ब्रसेल्समध्ये घेतलेल्या त्या निर्णयात विजेचा कुणी उल्लेखही केला नसेल. पण लहान शेतकरी उसातून उठू लागले. मुलं हॉटेलांत, बँकांत, कॉल सेंटरांत गेली. शेतं पडीक राहिली, काहींवर परदेशी धनिकांसाठी बंगले झाले. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावर अडीचशेच्या वर साखर कारखाने होते. २००५ साली अकरा उरले होते, आज तीन आहेत. सहा लाख टनांच्या घरात असणारं साखरेचं उत्पादन २०२२ आणि २०२३ मध्ये अडीच लाख टनांच्याही खाली गेलं. साखर घटली तसा बगॅसही घटला. २०१२ च्या सुमारास बेटाच्या विजेतला सहावा हिस्सा उसाचा होता, दहा वर्षांनी तो दहा टक्क्यांच्या आसपास आला.

गुरुजींच्या जवळचा कारखाना २०१९ मध्ये बंद झाला. त्यांचा ऊस आता बेटाच्या दुसऱ्या बाजूला जातो. वाहतूक डिझेलवर. "उसापेक्षा ट्रकच जास्त खातो," असं ते म्हणाले आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

आता उद्दिष्टांची गोष्ट. ती ऐकण्यासारखी आहे. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं 'मॉरिस इल द्युराब्ल', म्हणजे टिकाऊ मॉरिशस बेट, अशी मोठी मोहीम जाहीर केली. वीस वर्षांत ऊर्जेच्या बाबतीत ६५ टक्के स्वावलंबन, असं स्वप्न होतं. पुढच्याच वर्षी दीर्घकालीन धोरण आलं, त्यात २०२५ पर्यंत ३५ टक्के वीज नवीकरणीय, म्हणजे ऊस, ऊन, वारा, पाणी यांतून. २०१९ च्या आराखड्यात २०३० पर्यंत ४० टक्के. आणि २०२१ मध्ये, ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या वेळी, २०३० पर्यंत ६० टक्के आणि कोळसा पूर्ण बंद.

आकडा असा चढत असताना प्रत्यक्षात काय झालं? २००९-१० च्या सुमारास बेटाची जवळजवळ पाव वीज नवीकरणीय होती. २०२२ मध्ये ती एकोणीस टक्क्यांवर आली आणि २०२३ मध्ये साडेसतरावर. उद्दिष्ट वर चढत राहिलं आणि वाटा खाली घसरत राहिला.

हे ऐकून आपण लगेच म्हणतो, सरकारं खोटी, पुढारी बोलघेवडे. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या वर्षांत तिथं काम झालंच नाही असं नाही. बाम्बू गावाजवळ २०१४ मध्ये १५ मेगावॅटचं सौर केंद्र आलं. प्लेन दे रोशला २०१६ मध्ये अकरा पवनचक्क्या फिरू लागल्या. घरोघरी सौर बंब आले, गुरुजींच्या छपरावरही आहे. कचऱ्याच्या डेपोतला वायू जाळून वीज केली. ग्रिडला बॅटऱ्या जोडल्या. पण रांजणात वरून तांब्या-तांब्यानं पाणी ओतावं आणि बुडाला भोक असावं, तसं झालं. वरून ऊन-वारा आला, खालून ऊस गळाला. शिवाय रांजणच मोठा होत गेला, कारण दरवर्षी एसी वाढले, हॉटेलं वाढली, विजेची मागणी वाढली. टक्केवारी म्हणजे शेवटी भागाकार. अंश घटला आणि छेद वाढला तर उत्तर काय येणार, हे आठवीतलं पोरही सांगेल. उद्दिष्ट ठरवणाऱ्यांनी वरच्या तांब्याचा हिशेब केला, बुडाच्या भोकाचा केला नाही, किंवा फार उशिरा केला. २०२१ मध्ये शेतकऱ्याला बगॅसचा भाव वाढवून दिला, तोवर बरेच जण शेत सोडून गेले होते.

हरितगृह वायूंचं वचनही असंच नीट ऐकायला हवं. २०२१ मध्ये मॉरिशसनं संयुक्त राष्ट्रांना कळवलं की २०३० पर्यंत उत्सर्जनात ४० टक्के कपात करू. कशाच्या तुलनेत? गेल्या अमुक वर्षाच्या तुलनेत नव्हे, तर काहीच केलं नसतं तर २०३० मध्ये जेवढा धूर झाला असता त्याच्या तुलनेत. म्हणजे मुलानं घरी येऊन सांगावं, "अब्बा, मी दहा लाखांची गाडी घेणार होतो, सहा लाखांची घेतली, चार लाख वाचवले." यात खोटं काही नाही. लहान देशांना वाढायचंही असतं, म्हणून अशी मोजणी मान्य केलेली आहे. पण ऐकणाऱ्यानं खिसा तपासलेला बरा. या सगळ्याला सुमारे साडेसहा अब्ज डॉलर लागतील, आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश पैसा बाहेरच्या जगानं द्यावा, असंही त्याच कागदात आहे. मला ही मागणी गैर वाटत नाही. जगाच्या एकूण उत्सर्जनात त्या देशाचा वाटा ०.०१ टक्का. ज्यानं चूल पेटवली नाही त्याच्या डोळ्यांत धूर जातोय. मार्च २०१३ मध्ये पोर्ट लुईत अचानक पूर आला आणि अकरा माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाच्या पावसात राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांना वाटेल, एवढं ऊन आहे तर सगळ्या छपरांवर सौर पत्रे लावून मोकळे का होत नाहीत? याचं उत्तर मला आमच्या गावच्या वादळानं शिकवलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. माडपोफळी गेल्या, खांब आडवे झाले, आणि आमच्या गावात तीन आठवड्यांहून जास्त काळ वीज नव्हती. पण वीज संपली नव्हती, तार तुटली होती. कोयनेला चक्रं फिरतच होती. दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसं आली, खांब आले, तार जोडली, दिवे लागले. २०१३ च्या अखेरीपासून तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आपली सगळी ग्रिड एकत्र बांधलेली आहे. एकीकडे ढग आले तर दुसरीकडचं केंद्र भार उचलतं.

मॉरिशसला दुसरीकडे असं काही नाहीच. सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर रेयुनियन बेट आहे, पण मध्ये खोल समुद्र, विजेची तार नाही. बेटाची कमाल मागणी पाचशे मेगावॅटच्या थोडी वर. एकट्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, तिपटीहून जास्त. एवढ्याशा ग्रिडवर एक मोठा ढग सरकला तरी धक्का बसतो. ग्रिडमध्ये दर क्षणाला जेवढी वीज लागते तेवढीच तयार व्हावी लागते, थोडं इकडंतिकडं झालं की वारंवारता ढळते आणि केंद्रं एकामागून एक बंद पडू शकतात. मोठी अवजड चक्रं फिरत असली की ती आपल्या वजनानं असा धक्का सोसतात, भरलेली बैलगाडी दगडावरून जाते तशी. सौर पत्र्याला असं वजन नसतं. त्यात सूर्य मावळतो साडेपाच-सहा-सातला आणि दिवे, एसी, स्वयंपाक सुरू होतो त्याच वेळी. दुपारची वीज संध्याकाळी वापरायची तर बॅटरी हवी, आणि बॅटरीसुद्धा जहाजातूनच उतरते. पवनचक्कीला वादळाचं भय. मॉरिशसच्याच रॉड्रिग्स बेटावर अशा पवनचक्क्या बसवल्या की वादळाची सूचना आली की खांबासकट जमिनीवर निजवता येतात. मला हे फार आवडलं. आमच्याकडचे मच्छीमार होड्या वर ओढून घेतात तसंच हे.

रेयुनियनचं नाव निघालं म्हणून सांगतो. ते फ्रान्सचं बेट. तिथंही ऊस, तिथंही बगॅस आणि कोळसा एकाच बॉयलरमध्ये. २०२३-२४ मध्ये त्यांनी कोळसा पूर्ण सोडला, तेलावरचं मोठं केंद्रही वनस्पती तेलावर आणलं, आणि त्यांची वीज कागदावर जवळजवळ सगळी नवीकरणीय झाली. शाबासकीची गोष्ट आहे. पण कोळशाच्या जागी काय आलं? लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या. आणि त्या येतात कुठून? बहुतांशी परदेशातून, जहाजानं. वनस्पती तेलही तसंच, सरसूच्या जातीच्या पिकाचं, युरोपातून. म्हणजे काजळी कमी झाली, पण बंदरावरचं अवलंबन होतं तिथंच राहिलं.

इथं मला पहिल्यांदा कळलं की आपण दोन इच्छा एकाच वाक्यात बांधत असतो. एक, धूर कमी व्हावा. दुसरी, परक्याच्या जहाजाची वाट पाहावी लागू नये. पहिली पुरी झाली म्हणजे दुसरी पुरी होतेच असं नाही. मॉरिशसमध्येही कोळशाऐवजी लाकूड जाळण्याच्या योजना झाल्या, त्यातलं बरंच लाकूड आणावंच लागणार. दोन्ही इच्छा एकदम पुरवणारी गोष्ट त्या बेटावर एकच होती, परसातला ऊस. आणि तिचं भवितव्य ऊर्जामंत्र्यांच्या हातात नव्हतं, साखरेच्या बाजारात होतं. माझ्या मते तिथल्या सगळ्या उद्दिष्टांची गाठ इथं आहे.

अब्बांचं जहाज राहिलंच. पोर्ट लुईला जहाजं बंकर भरायला थांबतात, बंकर म्हणजे जहाजाचं स्वतःचं इंधन. अब्बा ज्या यंत्राला तेल पाजत ते हेच जाळायचं. या इंधनाचा धूर कुठल्याच देशाच्या खात्यावर धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय जहाजं आणि विमानं यांचं उत्सर्जन वेगळ्या रकान्यात लिहितात आणि राष्ट्राच्या बेरजेत घेत नाहीत. मॉरिशसला वर्षाला साधारण तेरा लाख पर्यटक येतात, लोकसंख्येहून जास्त, आणि जवळजवळ सगळे विमानानं. बेटाचं पोट ज्यावर चालतं त्याचाच धूर बेटाच्या उद्दिष्टाबाहेर.

पण हा बेवारशी हिशेब एकदा किनाऱ्यावर आलाच. २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' नावाचं जपानी मालकीचं प्रचंड जहाज पॉइंट देस्नीजवळ प्रवाळावर चढलं. माल काहीच नव्हता, रिकामं ब्राझीलकडे निघालं होतं. मॉरिशसशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, नुसतं बाजूनं जात होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या टाक्या फुटल्या आणि सुमारे एक हजार टन बंकर तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. सरकारी सामान कमी पडलं, तेव्हा लोकांनी हातानं अडथळे केले. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या आणि त्यांत उसाचं पाचट भरलं. गुरुजी आपल्या शेतातलं पाचट टेम्पोत घालून घेऊन गेले होते. दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, वय तेव्हा सदुसष्ट. "कपडे जाळून टाकावे लागले," म्हणाले, "वास जाईना." मी त्यांना सांगितलं, तो वास मला माहीत आहे. अब्बा घरी आले की त्यांच्या ट्रंकेला तोच वास असायचा, आणि आम्हाला तो आवडायचा, कारण त्याचा अर्थ अब्बा आले असा होता. गुरुजी काही बोलले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पोर्ट लुईपर्यंत मेट्रोनं नेलं. भारताच्या मदतीनं आणि आपल्या लार्सन अँड टुब्रोच्या हातांनी बांधलेली ती गाडी २०१९ पासून धावते, २०२२ मध्ये क्यूरपिपपर्यंत पोचली. स्वच्छ, थंड, भरलेली. त्यांची मुलगी बँकेत आहे, ती रोज तिनंच जाते. मोटारी कमी व्हाव्यात म्हणून ही गाडी, आणि ती विजेवर चालते, आणि वीज अजून बहुतेक तेल-कोळशाची. तरीही शंभर मोटारींपेक्षा ती बरीच, हे मी कबूल करतो. मुलीला शेतात रस नाही. तिचं म्हणणं, ऊस काढून तिथं सौर पत्रे लावू, भाडं येईल. बाप म्हणतो, पत्रे छपरावर लाव, कारखान्याच्या छपरावर लाव, वाहनतळावर लाव. ज्या जमिनीत वर्षभराचं सरपण उगवतं तिथं कशाला? दोघांचंही मला पटत होतं. पाहुण्यानं अशा वेळी चहा प्यावा.

यंदा जूनमध्ये, गळिताच्या सुरुवातीला, गुरुजींचा फोन आला. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. मी शेताचं विचारलं. शेत विकायला एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं म्हणाले, भावही बरा देत होतं. मग?

"नवी लागण काही करत नाही, भाऊ," ते म्हणाले. "पण खोडवा ठेवलाय. हा सातवा."